मठार

बुधवारी जुन्या बाजारात
गुलाब मोमीनच्या ताडपत्रीवर
घड्याळांची आतडी आणि एका काडीचे चष्मे
यांच्या मधोमध सिगारेटचा गोल डबा.
आत सात मासे.
म्हणजे माशांना फसवायचे मासे:
चार लाकडी, दोन पितळी,
आणि एक.

“तीनशे. डब्यासकट.”
मी दोनशे म्हणालो, कारण म्हणावं लागतं.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी मापं तपासली. पास, नापास.
निवृत्तीनंतर बायको म्हणाली, आता तरी
वस्तूंकडे नुसतं बघा.
जमलं नाही.

घरी पेपर पसरला, दिवा खाली ओढला, भिंग काढलं.
आधी डोळे बघायचे.
काचेचे असतील तर जुना,
नुसते रंगवलेले असतील तर नंतरचा,
खिळ्याचं डोकंच डोळा असेल
तर करणाऱ्याला घरी जायची घाई होती.
मग पोट: गळ कसा टांगलाय,
साध्या स्क्रूला, की खाली पितळेची इवलीशी वाटी.
मग रंग. जुनं रोगण
उन्हातल्या तळ्याच्या चिखलासारखं तडकतं,
नवं कातीसारखं सुटून येतं.
नाव सगळ्यात शेवटी वाचायचं.
ठसा कोणालाही मारता येतो.

लाकडी चारांपैकी तीन विलायती निघाले,
चौथा त्यांची नक्कल, बरी नक्कल,
आणि त्याच्याच पाठीवर दातांच्या खुणा.
खडशीला कंपनी कळत नसावी.

सातवा तांब्याचा.
चमच्याएवढा, मध्ये खोलगट, शेपटीला भोक.
ठसा नाही. व्हर्निअर लावला,
जाडी तीन जागी तीन.
कारखान्यात असतो तर
हा डाव्या पेटीत गेला असता.
पण भिंगाखाली अंगभर खवले,
कोरलेले नव्हेत, ठोकलेले,
एकाला एक चिकटून, रांगेत,
शेपटीकडे लहान लहान होत गेलेले.
हे मी कुठे पाहिलंय, कुठे पाहिलंय,
म्हणत आंघोळीला गेलो
आणि बंबासमोर तसाच उभा राहिलो,
हातात टॉवेल.

तांबट आळीत रघुवीर निजामपूरकर.
वय चौऱ्याऐंशी, कान ठोकाठोकीत गेलेले.
मी ओरडून विचारलं, कोणाचं काम?
त्यांनी चष्मासुद्धा शोधला नाही.
अंगठा फिरवला, उलटा, परत सुलटा.
“डावऱ्या हाताचं,” म्हणाले.
“ठोक्याची कड बघ कुठल्या बाजूला रुतलीय.
आळीत डावरा एकच. माझा चुलता, केशव.”
मग मान हलवली.
“पण त्याने घंगाळं केली, बंब केले.
मासे कशाला करील? आमच्या घरात
मासा हा शब्दसुद्धा दाराबाहेर.”

शेजारी कोणीतरी पत्रा ठोकत होतं.
त्यांना ऐकू येत नव्हतं, पण बोट
मांडीवर त्याच तालात पडत होतं.

“रविवारी संगमावर जायचा,” बऱ्याच वेळाने म्हणाले.
“पोहायला.”
आणि त्याहून उशिरा,
“पोहता येत नव्हतं त्याला.”

तांब्याचा मासा त्यांनी उजेडात धरला,
शेपटीजवळ नख थांबलं.
“इथे बघ. शेवटची रांग अर्धीच.
जेवायला हाक आली असणार.
आमची काकू एकदाच हाक मारायची.”

चहा आला, गेला. मी वही काढली,
‘बनवणारा’ या रकान्यात आधी लिहिलेलं
‘अज्ञात’ खोडलं आणि विचारलं,
केशव काय लिहू, निजामपूरकर लिहू?
त्यांनी ऐकलं नाही,
किंवा ऐकलं.

कुंभारवेशीपाशी डबा हलका वाटला.
वीस ग्रॅमचा फरक. माझ्या हाताला कळतो.
झाकण उघडून मोजले.
सहा.

परत फिरलो नाही.
रकान्यापुढे फक्त एक खूण केली, पास,
आणि रिक्षावाल्याला
दोनदा चुकीचा पत्ता सांगितला.